अर्ज एकाचा, काम भलतंच

एडवर्ड वेस्टन हा अमेरिकेतला नावाजलेला फोटोग्राफर. वय पन्नास, नाव मोठं, खिसा रिकामा. १९३६ मध्ये त्याने गुगेनहाइम फेलोशिपसाठी अर्ज केला. वर्षभर काय करणार, हे त्याने दोन वाक्यांत उरकलं, सोबत आपले पस्तीस आवडते फोटो जोडले आणि पाकीट पोस्टात टाकलं. एवढ्यावर कुणी पैसे देतं का? त्याची फोटोग्राफर मैत्रीण डोरोथिया लँग आणि खुद्द फाउंडेशनचे सचिव हेन्री ॲलन मो या दोघांनीही त्याला सुचवलं, की बाबा रे, जरा विस्ताराने लिही. मग चार पानी प्रस्ताव गेला. तो लिहिला होता त्याची जोडीदार शारिस विल्सन हिने. ही गोष्ट वेस्टनने फाउंडेशनला कळवली नाही.

१९३७ मध्ये फेलोशिप मिळाली. गुगेनहाइम मिळवणारा तो पहिला फोटोग्राफर. हातात २,००० डॉलर आले, त्यातून फोर्ड गाडी घेतली आणि दोघं कॅलिफोर्नियाभर भटकले. वेस्टनला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे स्टिअरिंगवर शारिसच. वर्षभरात बाराशेच्या वर निगेटिव्ह जमल्या आणि १९४० मध्ये पुस्तक आलं, त्यातला मजकूरही शारिसचाच. फेलोशिप मात्र वेस्टनच्या नावावर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्वानांना आणि कलावंतांना दिलेल्या पैशांच्या गोष्टी जमवायला बसलं की असं बरंच काही हाती लागतं. कुणी दिले, कोणत्या अटीवर दिले, आणि घेणाऱ्याने खरोखर काय केलं, या तिन्हींची तोंडं बहुधा तीन दिशांना असतात.

संग्रहालयवाला तो भाऊ वेगळा

गुगेनहाइम म्हटलं की न्यूयॉर्कमधलं ते गोल गोल वर चढत जाणारं संग्रहालय आठवतं. ते सॉलोमन गुगेनहाइमचं. फेलोशिप सुरू केली त्याचा धाकटा भाऊ सायमन आणि त्याची पत्नी ओल्गा यांनी. एकूण भाऊ सात. बाप मायर स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आला तेव्हा फेरीवाला होता, पुढे खाणी आणि धातू वितळवण्याचे कारखाने यांतून घराणं गडगंज झालं. या सातांपैकी बेंजामिन १९१२ मध्ये टायटॅनिकवर होता, तो बुडाला. त्याची मुलगी पेगी पुढे आधुनिक चित्रांचा संग्रह करून व्हेनिसमध्ये जाऊन राहिली. थोरल्यांपैकी डॅनियलच्या घराकडून आलेल्या पैशावर रॉबर्ट गोडार्ड नावाचा एक हट्टी प्राध्यापक वाळवंटात रॉकेट उडवत होता. म्हणजे चित्रं, रॉकेट आणि फेलोशिप, सगळं एकाच घरातलं. खाणीत राबणाऱ्या मजुरांना या दानशूरपणाबद्दल काय वाटत असेल, तो वेगळा लेख होईल.

सायमन १९०७ ते १९१३ या काळात कोलोरॅडोचा सिनेटर होता. त्याचा मोठा मुलगा जॉन १९२२ मध्ये, कॉलेजात जायच्या तोंडावर, वयाच्या सतराव्या वर्षी आजारी पडून गेला. आईबापांनी त्याच्या नावाने ३० लाख डॉलर बाजूला काढले आणि १९२५ मध्ये पहिले पंधरा फेलो निवडले गेले. वर्षाला साधारण २,५०० डॉलर मिळायचे. वंश, रंग, धर्म यांचा भेद नाही, बायकांनाही दार उघडं, आणि विषयाचं बंधन नाही.

आज यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा वाटत होतं, कारण समोर नमुना होता तो ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा. सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात उमेदवाराकडून अभ्यासाबरोबर मर्दानी मैदानी खेळांचीही अपेक्षा होती. बायकांना तिथे शिरकाव मिळाला तो १९७७ मध्ये! गंमत अशी, की गुगेनहाइमची योजना आखून देणारे फ्रँक एडलॉट आणि पुढे १९६३ पर्यंत ती चालवणारे मो, दोघंही ऱ्होड्सचेच विद्यार्थी. आपण ज्या पंगतीत जेवलो तिथे कुणाला पान वाढलं नव्हतं, हे त्यांनी नीट पाहून ठेवलं असणार.

ऱ्होड्सचीच एक फिरकी सांगून पुढे जाऊ. १९१० मध्ये एक उंचापुरा, खेळाडू तरुण या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आला आणि वडिलांच्या इच्छेखातर कायदा शिकला. वकिली काही त्याच्या हातून झाली नाही. नाव एडविन हबल. विश्व प्रसरण पावतंय, या शोधाशी पुढे त्याचं नाव जोडलं गेलं आणि अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीलाही तेच दिलं गेलं.

डॉलर अमेरिकेत कमवा, पॅरिसमध्ये खर्चा

कवी स्टीफन व्हिन्सेंट बेने याला १९२६ मध्ये गुगेनहाइम मिळाली. विषय होता अमेरिकेतलं यादवी युद्ध, आणि पठ्ठ्या लिहायला गेला पॅरिसला! कारण अगदी व्यवहारी. अमेरिकेत जेवढ्या डॉलरमध्ये जेमतेम भागायचं, तेवढ्यात फ्रान्समध्ये बायकोमुलांसह बरं राहता यायचं. त्या युद्धातली गेटिसबर्गची लढाई अशी पॅरिसमध्ये बसून लिहिली गेली. ‘जॉन ब्राउन्स बॉडी’ हे दीर्घकाव्य १९२८ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

वॉल्टर व्हाइटचं प्रकरण याहून नामी. हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा कार्यकर्ता, पण दिसायला गोरा आणि निळ्या डोळ्यांचा. त्याचा फायदा घेऊन तो दक्षिणेतल्या गावांत गोरा म्हणून शिरायचा आणि जमावाने केलेल्या हत्यांची माहिती काढून आणायचा. १९२७ मध्ये त्याने कादंबरी लिहितो म्हणून फेलोशिप घेतली, कुटुंबासह दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकिनारी गेला, आणि कादंबरी बाजूला ठेवून त्याच हत्यांवर एक खणखणीत अभ्यासग्रंथ लिहून आला. ‘रोप अँड फॅगट’, १९२९. आपली अशी फसवणूक झाली तर कोणतीही संस्था खूश होईल.

झोरा नील हर्स्टन १९३६ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या जादूटोण्याचा अभ्यास करते म्हणून निघाली. जमैका पाहून हैतीला पोचली आणि तिथे सात आठवड्यांत एक कादंबरी लिहून मोकळी झाली. ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’. आज अमेरिकन कादंबऱ्यांच्या कुठल्याही यादीत ती असते. जादूटोण्याचं पुस्तकही तिने लिहिलं बरं का, १९३८ मध्ये. आणि त्यात जिला लोक झोंबी म्हणत होते अशा एका बाईचा फोटोसुद्धा छापला. अर्जाला जागली म्हणायची.

शास्त्रज्ञ मंडळी यामानाने सरळमार्गी. लायनस पॉलिंग १९२६ मध्ये म्युनिकला झोमरफेल्डकडे गेला, मग कोपनहेगन, मग झ्यूरिक. क्वांटम भौतिकी तेव्हा भट्टीतून नुकती निघत होती आणि हा बरोबर त्या भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. जाताना नवराबायकोंनी वर्षभराचं मूल आजीकडे ठेवलं होतं. तिच्याविषयी विज्ञानाच्या इतिहासात एक ओळ असायला हरकत नव्हती.

बार्बरा मॅक्लिंटॉकची वेळ मात्र चुकली. मक्याच्या गुणसूत्रांवर काम करणारी ही बाई गुगेनहाइमवर जर्मनीला पोचली ती १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी. ज्यांच्याबरोबर काम करायचं होतं ते कुर्ट स्टर्न ज्यू, ते देश सोडून निघून गेलेले. तिथलं वातावरण तिला सोसलं नाही, मुदत संपण्याआधीच ती परतली. नोबेल मिळालं १९८३ मध्ये.

लाहोरचा पाहुणा आणि इंदूरला आलेला गुरू

अमेरिकन फेलो युरोपलाच जायचे असं नाही. आर्थर कॉम्प्टन, ज्याच्या नावाचा ‘कॉम्प्टन परिणाम’ बारावीनंतर फिजिक्स घेतलेल्यांच्या डोक्यात अजून असेल, तो १९२६-२७ मध्ये गुगेनहाइमवर आला लाहोरला, पंजाब विद्यापीठात शिकवायला. त्याची बहीण हिंदुस्थानातच होती. म्हणजे बहिणीची भेट आणि भौतिकशास्त्र, दोन्ही साधलं. १९२७ चं नोबेल त्याला जाहीर झालं ते या हिंदुस्थानवारीच्या पाठोपाठ.

इसामु नोगुची याला मात्र हिंदुस्थान चकवत राहिला. हा शिल्पकार, वडील जपानी कवी, आई अमेरिकन. १९२७ च्या अर्जात त्याची योजना अशी: आधी पॅरिसमध्ये दगड आणि लाकूड कोरायला शिकायचं, मग भारत, चीन, जपान बघायचं. पॅरिसला त्याने थेट शिल्पकार ब्रांकुशीची कार्यशाळा गाठली. ब्रांकुशीला इंग्रजी येत नव्हतं, नोगुचीचं फ्रेंच यथातथाच. खुणा, हावभाव आणि पटाशी यांवर काही महिने गुरुकुल चाललं. फेलोशिप एकदा वाढवून मिळाली, पुढे नाही. पूर्वेचा प्रवास राहिला. न्यूयॉर्कला परतून त्याने पोटासाठी लोकांचे अर्धपुतळे घडवायला घेतले. त्यांतलाच एक नर्तकी मार्था ग्रॅहम हिचा. तीच मार्था १९३२ मध्ये गुगेनहाइम मिळवणारी पहिली नर्तकी ठरली, आणि १९३५ पासून तिच्या नाचांचे नेपथ्य नोगुची करू लागला. दोन फेलो असे परस्पर एकमेकांना सापडले.

इकडे काय झालं पाहा. शिष्य भारतात पोचण्याआधी गुरूच येऊन गेला! इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी ब्रांकुशीचे तीन ‘पक्षी’ विकत घेतले होते, आणि त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायची कल्पना निघाली. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला आला. मंदिर काही झालं नाही. नोगुची भारतात आला तो १९४९ मध्ये, दुसऱ्याच एका फेलोशिपवर. म्हणजे १९२७ च्या अर्जातला एक शब्द बावीस वर्षांनी खरा झाला.

कोंडून घेऊन रचना करा

आता उलटा नमुना. फ्रान्सचं ‘प्री द रोम’. चौदाव्या लुईच्या काळात, १६६३ मध्ये सुरू झालेलं; जिंकणारा रोमला सरकारी खर्चाने काही वर्षं राहणार. संगीतकारांसाठी ते १८०३ पासून होतं आणि पद्धत मोठी न्यारी. अंतिम फेरीतल्या उमेदवारांना काही आठवडे एका वाड्यात बंद ठेवायचं. दिलेल्या गीतावर प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून संगीतरचना करायची. कॉपी नको म्हणून हा बंदोबस्त. आपल्याकडच्या दहावीच्या केंद्रप्रमुखांनी नोंद घ्यावी.

मोरिस राव्हेल या परीक्षेला पाचदा बसला. शेवटची खेप १९०५ ची, वय तीस, म्हणजे मर्यादेच्या काठावर. तोवर त्याची स्ट्रिंग क्वार्टेट पॅरिसमध्ये वाजून झालेली, नाव झालेलं. परीक्षकांनी त्याला प्राथमिक फेरीतच बाद केलं. आणि अंतिम फेरीत पोचलेले सगळेच्या सगळे निघाले एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी, जे प्राध्यापक परीक्षक मंडळावरही होते! वर्तमानपत्रांनी जी झोड उठवली, तिच्यात संगीत विद्यालयाच्या संचालकांना जावं लागलं. त्यांच्या जागी आले गॅब्रिएल फोरे, म्हणजे राव्हेलचेच गुरू. पुढे १९२० मध्ये सरकारने राव्हेलला मोठा किताब देऊ केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. पंधरा वर्षं राग सांभाळला असेल का? मला तरी तसं वाटतं, आणि तसं असेल तर त्याचं काही चुकलं नाही.

बायकांना या स्पर्धेत बसू दिलं १९०३ पासून. दहा वर्षांनी, १९१३ मध्ये, एकोणीस वर्षांच्या लिली बूलांजेने पहिलं पारितोषिक मारलं. संगीतात तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तिची थोरली बहीण नादिया १९०८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबली होती. नादियाने पुढे रचना करणं सोडून शिकवणं धरलं. तिच्याकडे पॅरिसला शिकून गेलेला एक तरुण अमेरिकन १९२५ च्या पहिल्या गुगेनहाइम तुकडीत होता: आरन कोपलंड, फेलोशिप मिळवणारा पहिला संगीतकार.

फुकटचा जगप्रवास आणि देवासचे दोन राजे

आल्बेर कान या फ्रेंच बँकरची तऱ्हा सगळ्यांत न्यारी. त्याने १८९८ पासून तरुण शिक्षकांना जगप्रवासासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. १९०५ पासून शिक्षिकांनाही. जग बघा, डोळे उघडे ठेवा, परत येऊन शिकवा, एवढीच अपेक्षा. याच कानने छायाचित्रकार पाठवून जगभरची ७२,००० रंगीत काचचित्रं जमवली. १९२९ च्या मंदीने त्याचं दिवाळं वाजवलं, पण काचा राहिल्या.

कानच्या योजनेची इंग्लिश शाखाही होती. तिच्या पैशांवर केंब्रिजचे गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन १९१२ मध्ये हिंदुस्थान, चीन, जपान पाहायला निघाले. बोटीवर सोबतीला एक मित्र होता, स्वतःच्या खर्चाने आलेला. फेलोशिपवाल्या डिकिन्सनने परत जाऊन तीन संस्कृतींवर एक छोटा निबंध लिहिला. आज तो कुणी वाचत नाही. पदरचे पैसे घालून आलेल्या मित्राचं नाव ई. एम. फॉर्स्टर, आणि त्याने लिहिली ‘अ पॅसेज टू इंडिया’.

याच प्रवासात फॉर्स्टर देवासला गेला. देवास म्हणजे पवारांचं मराठी संस्थान, आणि तेही दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, रस्तेसुद्धा वाटून घेतलेले. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, यांच्याशी फॉर्स्टरची दोस्ती जमली. १९२१ मध्ये तो त्यांचा खासगी सचिव म्हणून परत आला आणि दरबारातल्या मानपानात, गोकुळाष्टमीच्या गजरात, हिशेबाच्या गोंधळात काही महिने रमला. तिथे पाहिलेलं ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात उतरलं. हे सगळं सुरू झालं ते एका फ्रेंच बँकरने दुसऱ्याच माणसाला दिलेल्या तिकिटामुळे.

रमण्यातली दक्षिणा, बडोद्याची बाँडपट्टी

आपल्याकडे ही परंपरा फेलोशिप वगैरे म्हणायच्या कितीतरी आधीची. तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणात शास्त्री-पंडितांना दक्षिणा द्यायची चाल पाडली, पेशव्यांनी ती पुण्याला नेऊन मोठी केली. पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात देशभरचे ब्राह्मण गोळा व्हायचे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने रक्कम वर्षाला ५०,००० रुपयांवर आणली आणि तिच्यातला काही भाग विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये निघालेल्या पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि मंडळींनी अर्ज केला, की यातले पैसे मराठी ग्रंथांसाठी द्या. पुण्यात केवढी खळबळ! पुढे याच निधीतून कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले; न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, तेलंग हे सगळे दक्षिणा फेलोच.

आणि १९२६ मध्ये ही फेलोशिप मिळाली इरावती कर्वे यांना, समाजशास्त्रासाठी, मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली. पुरुषांनी घ्यायच्या दक्षिणेचा पैसा एका तरुण बाईला जातिसंस्थेचा अभ्यास करायला मिळतो, हा प्रवास मला या सगळ्या लेखातला सर्वांत लांबचा वाटतो. तिथून त्या बर्लिनला गेल्या, पण त्यासाठी मात्र जीवराज मेहतांकडून कर्ज घ्यावं लागलं. बर्लिनमध्ये कवट्या मोजून त्यांनी काढलेला निष्कर्ष गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या बाजूचा नव्हता. गाईड होते ऑयगेन फिशर, ज्यांचं नाव पुढे नाझींच्या वंशशास्त्राशी कायमचं जोडलं गेलं. त्यांना तोंडावर नाही म्हणणं म्हणजे चेष्टा नव्हती.

कर्जावरून आठवलं. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली योजना मुळातच कर्जाऊ शिष्यवृत्तीची. शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याची सोय होईल. पहिल्या लाभार्थींपैकी दोघी डॉक्टर बाया: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नाव कमावलं. १९२४ पर्यंत आयसीएसमध्ये शिरणाऱ्या दर पाच हिंदी माणसांत दोघं टाटांचे शिष्यवृत्तीधारक होते, असं टाटांकडून अभिमानाने सांगितलं जातं. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटांच्याच आधारावर, पण तो काळ नंतरचा.

सयाजीराव गायकवाडांकडे मात्र वळायलाच हवं, कारण या माणसाची पारख अचाट. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शिकायला घर सोडून लंका, ब्रह्मदेश पालथे घालून आले होते आणि कलकत्त्याला पाली शिकवत होते. सयाजीरावांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट काय? महाराष्ट्रात कुठेही राहा आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहा. कलकत्त्याची जास्त पगाराची जागा सोडून कोसंबी आले. मराठी माणसाला बुद्ध मराठीतून भेटला, त्यात या पन्नास रुपयांचा वाटा मोठा आहे.

पुण्याहून कोसंबी १९१० मध्ये पोचले हार्वर्डला, प्राध्यापक लॅनमन यांच्याबरोबर ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची संपादित प्रत तयार करायला. मुखपृष्ठावर श्रेय कुणाचं, यावरून खटके उडाले. काम रखडत रखडत ग्रंथ निघाला १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. याच लॅनमनकडे संस्कृत शिकलेला एक विद्यार्थी १९१४ मध्ये हार्वर्डच्या शेल्डन प्रवासी फेलोशिपवर जर्मनीतल्या मारबुर्गला पोचला आणि पोचतो न पोचतो तोच महायुद्ध पेटलं. पळून तो लंडनला आला, तिथे कवी एझरा पाउंड भेटला, आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक व्हायला निघालेला टी. एस. एलियट कवी होऊन इंग्लंडातच राहिला.

सयाजीरावांचीच शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि त्याबदल्यात ४ जून १९१३ रोजी बाँड: परतल्यावर दहा वर्षं बडोदे सरकारची नोकरी. कोलंबियात त्यांचे आवडते गुरू जॉन ड्यूई. त्याच सुमाराला, १९१५ पासून, ड्यूईंच्याच हाताखाली चीनचा हू शी शिकत होता. त्याची शिष्यवृत्ती कुठली माहीत आहे? बॉक्सर बंडानंतर चीनकडून वसूल केलेली नुकसानभरपाई प्रमाणाबाहेर झाल्याचं अमेरिकेच्या ध्यानात आलं, तेव्हा वरचे पैसे चिनी मुलांच्या शिक्षणासाठी परत देण्यात आले. एका वर्गात मराठी संस्थानिकाचा पैसा, चीनच्या दंडाचा पैसा, आणि दोघांनीही पुढे आपापल्या समाजाच्या रूढींना हात घातला.

मे १९१६ मध्ये आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध कोलंबियात वाचला. तिथून लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि परतावं लागलं. पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या जहाजाने पाठवल्या होत्या, त्या जहाजाला पाणतीर लागला; पुस्तकं समुद्रात. थॉमस कुक कंपनीकडून सामानाची नुकसानभरपाई आली, आणि बाँड पाळायला बडोद्याला जायचं रेल्वेभाडं त्यातूनच निघालं! बडोद्याने या कोलंबियाच्या पदवीधराला राहायला खोली मिळू दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी हुसकावलं. दहा वर्षांच्या बाँडाची नोकरी काही महिन्यांत आटोपली. अट मोडली ती कुणी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शिष्यवृत्तीचं चीज किती झटपट करावं, याचा विक्रम मात्र कमला भागवत यांच्याकडे, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. मुंबईची सर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती आणि स्प्रिंगर शिष्यवृत्ती अशा दोन घेऊन त्या १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या आणि चौदा महिन्यांत पीएचडी करून मोकळ्या झाल्या. प्रबंध चाळीस पानांचा. आजच्या गाईड मंडळींना हा आकडा सांगू नये, विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

दोन फेलो, एक मेक्सिको

१९३१ मध्ये गुगेनहाइमने एकाच वर्षी दोन लेखकांना पैसे दिले आणि दोघंही मेक्सिकोत एकमेकांच्या पुढ्यात आले. कवी हार्ट क्रेन स्पॅनिश विजेता कोर्तेस आणि राजा मोंतेझुमा यांच्यावर महाकाव्य लिहिणार होता. कॅथरिन ॲन पोर्टर ही कथालेखिका. क्रेन सुरुवातीला तिच्याकडेच उतरला. तो पीत होता, भांडत होता. पाहुणचार लवकरच आटपला. महाकाव्याची पानं काही भरली नाहीत. एप्रिल १९३२ मध्ये अमेरिकेला परतताना त्याने बोटीवरून मेक्सिकोच्या आखातात उडी घेतली. वय बत्तीस.

पोर्टर त्याआधीच निघून गेली होती. ऑगस्ट १९३१ मध्ये ती व्हेराक्रूझहून एका जर्मन बोटीत बसली, ब्रेमरहाफेनला जायला. बोटीवर नाना देशांची माणसं, एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघणारी, आणि समोर किनाऱ्याला हिटलरच्या उंबरठ्यावरची जर्मनी. बाईंनी सगळं टिपून ठेवलं आणि त्यावर कादंबरी लिहायला घेतली. ती लिहिता लिहिता दुसरं महायुद्ध होऊन गेलं. प्रकाशक आगाऊ पैसे देऊन वाट बघत बसले. अखेर एकतीस वर्षांनी पुस्तक बाजारात आलं आणि धडाधड खपलं. नाव ‘शिप ऑफ फूल्स’, मूर्खांचं जहाज. आणि प्रकाशनाची तारीख प्रकाशकाने निवडली होती १ एप्रिल १९६२.